आक्षेपाचा प्रकार

"अर्ज घेऊन जा, हेरवाडे. पृष्ठ क्रमांक नाही."

मगदूम सरांनी माझ्याकडे न बघताच कागद टेबलावरून सरकवला.

"सर, प्रकरणाचं नाव लिहिलंय. धरणांवरचं नववीच्या भूगोलात एकच प्रकरण आहे."

"एकच आहे ना? मग पान शोधायला असा कितीसा वेळ लागणार आहे तुम्हाला?"

अर्ज परत येण्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला मी तो हिरव्या शाईने भरला होता, आणि हिरवी शाई फक्त राजपत्रित अधिकाऱ्यांनी वापरायची असते, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या खेपेला 'कालावधी' या रकान्यात मी 'सुमारे चौदा मिनिटे' असे लिहिले. तेव्हा 'सुमारे'भोवती लाल गोल काढून तो परत आला. आता पृष्ठ क्रमांक. चौदा मिनिटांची एक जुनी कृष्णधवल चित्रफीत नववीच्या चाळीस मुलांना दाखवण्यासाठी मी एकवीस दिवस कागद घेऊन जिने चढत-उतरत होतो.

मला त्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागून तेव्हा सात महिने झाले होते. आता त्या गोष्टीला आठ वर्षे झाली. शाळा धरणाच्या काठच्या गावात होती. व्हरांड्यातून जलाशय दिसे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की एका बुडालेल्या देवळाचा कळस वर येई आणि पहिल्या पुरात पुन्हा दिसेनासा होई. गावातली निम्मी घरे त्या पाण्याखालच्या वाड्या-वस्त्यांतून वर आलेल्या माणसांची होती. मी मात्र सपाट मुलखातला, उसाच्या पट्ट्यातला. मुळात मी अबोल. वर्गात उभा राहिलो की पहिली पाच मिनिटे माझा आवाज माझ्याच छातीत अडकून बसे. म्हणून त्या चित्रफितीवर माझा फार जीव होता. पडद्यावर धरण उभे राहील, निवेदक बोलेल, मुले ऐकतील, आणि मी मागच्या बाकाजवळ उभा राहीन, असे चित्र मी मनाशी रंगवले होते.

आड आली ती नियमावली. 'वर्गात चित्रपट व चित्रफिती दाखवण्याविषयीचे नियम', एकूण कलमे सतरा. शिक्षकखोलीत घड्याळाच्या शेजारी ती चौकटीत लावलेली होती. आदल्या वर्षी कुणीतरी मोकळ्या तासाला आठवीत हिंदी चित्रपट लावला, मुलांनी नेमके नाचाच्या जागी चित्र थांबवले, आणि नेमके त्याच वेळी संस्थेचे एक विश्वस्त व्हरांड्यातून चालले होते. त्यानंतर पर्यवेक्षक या नात्याने मगदूम सरांनी दिवाळीची सुट्टी खर्ची घालून ही सतरा कलमे लिहिली. अर्ज आठ दिवस आधी. चित्रफीत पंधरा मिनिटांहून मोठी नको. खिडक्या उघड्या, एक ट्यूबलाइट चालू, कारण अंधाराने शिस्त बिघडते. कलम सहा: वर्ग आणि विषयशिक्षक यांच्याखेरीज कोणीही उपस्थित राहू नये. कलम नऊ: कोणत्याही परिस्थितीत चित्र स्थिर करू नये. सरांना त्या नियमांचा अभिमान होता, आणि ते पाळताना मी त्यांना कधी आळस करताना पाहिले नाही. वैताग त्याचाच होता. आळशी माणसाशी भांडता येते.

मी पान शोधले. एकशे सात. काळ्या शाईने लिहिले आणि अर्ज चौथ्यांदा दिला.

"आता समिती बघेल," सर म्हणाले.

"समिती कधी बघेल, सर?"

"समिती बघेल तेव्हा कळवू."

मुलांना खिचडी वाढण्यापूर्वी एका शिक्षकाने ती चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. सर्वांत कनिष्ठ म्हणून ते काम माझ्याकडे होते. स्वयंपाकाच्या शेडमध्ये तानूमावशी असे. साठीकडे झुकलेली, काटक, तीनशे मुलांची खिचडी एकटीने रांधणारी. तिच्या लेकीची लेक ऋतुजा आमच्याच शाळेत सातवीत होती आणि आजीपाशीच राहत असे. अर्ज चौथ्यांदा दिला त्याच दिवशी मी शेडमध्ये गेलो, तर मावशी माझीच वाट बघत होती.

"सर, धरणाचा शिनेमा आणलाय म्हनं तुमी? आमची ऋतू सांगत हुती."

"आणलाय, मावशी. अजून परवानगी नाही दाखवायची."

"कवाचा हाय? माती टाकत हुती तवाचा?"

"त्रेसष्ट सालचा."

तिच्या हातातला झारा थांबला.

"मग माझी आय असंल की त्यात."

तिने जे सांगितले ते फार थोडे होते. त्यांची वाडी पाण्यात जायची होती, आणि त्याच धरणाच्या भिंतीवर तिची आई पाटीने माती टाकायला जाई. "दुसरं काम कुटं हुतं?" मावशी सहा-सात वर्षांची. एक दिवस मोटारीतून माणसे आली, तीन पायांचे यंत्र उभे केले, बायकांना म्हणाली, इकडं बघू नका, आपलं काम करा. त्याच पावसाळ्यात तापाने आई गेली.

"फोटो?" मी विचारले.

"कुटला फोटू, सर? देव्हाऱ्यापाशी सगळ्यांचं फोटू हायती. सासऱ्याचा हाय, मालकाचा हाय. तिचा न्हाई. हात आठवत्यात तिचं, आवाज आठवतोय. तोंड न्हाई आठवत." मग खिचडीकडे बघतच ती म्हणाली, "एकडाव बघू द्या की वं. मी मागं दाराशी हुबी ऱ्हाईन. कुनाला कळायचं बी न्हाई."

"मी विचारतो," मी म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला हे दोन शब्द किती जड जातात, हे तिला कळले नसावे. नाहीतर तिने मागितलेच नसते.

मुख्याध्यापिका इनामदार बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. चष्मा काढला, तो साखळीवर लोंबकळत राहिला.

"हेरवाडे सर, मला काय वाटत नाही असं समजू नका. पण उद्या निम्मं गाव येईल. आमचं घर दाखवा, आमची विहीर दाखवा. कुणाला हो म्हणू नि कुणाला नाही? शिवाय कलम सहा आहेच."

"शाळा सुटल्यावर, बाई? एकट्या मावशींना?"

"सीडी खात्यानं शाळेच्या नावावर पाठवलीय. शैक्षणिक कामाखेरीज लावायची नाही, प्रत काढायची नाही, पंधरा दिवसांत परत. पत्र आहे माझ्या कपाटात, सीडीच्या शेजारीच. सीडी येऊन आज कितवा दिवस?"

"अकरावा."

"मग आधी तुमच्या वर्गाचं बघा."

त्यांचे एकही वाक्य चुकीचे नव्हते. मला वाद घालायला एखादे चुकीचे वाक्य हवे होते. ते मिळाले नाही, म्हणून मी उठलो.

मावशीला सांगितले, तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली आणि ताटल्या मोजू लागली. ते "बरं" पुढचे तीन तास माझ्या मागे-मागे वर्गात येत राहिले. शाळा सुटल्यावर मी शिक्षकखोलीत एकटाच थांबलो, आणि रागाच्या भरात आयुष्यात प्रथमच ती सतरा कलमे शेवटपर्यंत वाचली. तोवर मी ती फक्त पाळत आलो होतो.

कलम चार परीक्षण समितीविषयी होते. सदस्य तीन: मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि माता-पालक संघाची एक प्रतिनिधी. ही प्रतिनिधी म्हणजे एका विश्वस्तांची सून. त्या कधीच येत नसत, अर्ज घरी जाई आणि सही होऊन परत येई. परंतु पोटकलम 'अ' म्हणत होते की चित्रफीत प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज सही ग्राह्य धरू नये. आणि पोटकलम 'ब' म्हणत होते की प्रतिनिधी येऊ न शकल्यास, त्या दिवशी शाळेच्या आवारात उपस्थित असलेल्या कोणत्याही माता-पालकास सदस्य म्हणून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी मी मगदूम सरांसमोर उभा राहिलो.

"तानू?" ते म्हणाले. "खिचडीवाली तानू? समितीवर?"

"सातवी 'ब'च्या हजेरीपटात ऋतुजाच्या नावापुढे पालक म्हणून त्यांचंच नाव आहे, सर. आणि चार 'ब'प्रमाणे..."

"चार 'ब' मी लिहिलंय, हेरवाडे. मला वाचून दाखवू नका."

"हो, सर."

"त्या वहिनींना निरोप पाठवला होता?"

"सकाळीच. मंगळवेढ्याला गेल्यात, लग्नाला."

सर बराच वेळ भिंतीवरच्या चौकटीकडे बघत राहिले. आपणच लावलेल्या झाडाची फांदी आपल्याच डोक्याला लागावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"जरा विचित्र वाटतंय हे."

"वाटतंय, सर. पण नियम..."

"माहितीय. नियम म्हणजे नियम." ते वाक्य इतक्या कष्टाने उच्चारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले.

गुरुवारी अकरा वाजता संगणक कक्षात समिती बसली. खिडक्या उघड्या, एक ट्यूबलाइट चालू. भिंतीवरचा चौकोन पाण्यात भिजलेल्या कागदासारखा फिकट दिसत होता. मावशी ठेवणीतले पातळ नेसून आली होती. हातांना साबणाचा वास होता. ती दारापाशी भिंतीला टेकून खाली बसू लागली.

"तानूबाई, खुर्चीवर बसा," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही सदस्य आहात."

"हितं बरं हाय की."

"खाली बसून नाही चालत," मगदूम सर म्हणाले. "सदस्यांनी खुर्चीवर बसायचं."

"हे बी ल्हिलंय व्हय?" असे म्हणून मावशी खुर्चीच्या कडेवर बसली. बाईंनी हसू दाबले.

सरांनी नियमाप्रमाणे माझा अर्ज मोठ्याने वाचला. शीर्षक. कालावधी, चौदा मिनिटे. पृष्ठ क्रमांक एकशे सात. उद्दिष्टे. मग शेवटचा रकाना. "विद्यार्थ्यांची रुची टिकवून ठेवणारा भाग: दहाव्या मिनिटाला एक विनोदी प्रसंग आहे, त्यामुळे मुले कंटाळणार नाहीत." आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे चांगलं लिहिलंत."

मी चित्रफीत सुरू केली.

प्रथम नदी दिसली, मोकळी, उथळ, दगडांवरून वाहणारी. मग नकाशा. मग टोपी घातलेले अभियंते, कागदांवर वाकलेले. निवेदकाचा आवाज उत्साहाने भरलेला होता. श्रमाचा आनंद, नव्या युगाची पहाट, असे शब्द एकामागून एक येत होते. मावशी पापणी न लववता बघत होती. ट्रक आले, रोलर आले, गाढवांची रांग आली. मगदूम सर घड्याळ बघून कागदावर मिनिटे टिपत होते. दहावे मिनिट सुरू झाले, आणि भिंतीच्या उतारावरून बायकांची रांग वर चढू लागली. कासोटे वर खोचलेले, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीने भरलेली पाटी. वाद्यांचा ठेका जलद झाला.

रांगेतल्या एका बाईचा पाय घसरला. पाटी उडाली, ती मागच्या मागे चिखलात बसली, दोन्ही पाय समोर पसरून. नेमक्या त्या क्षणी संगीतकाराने पिपाणीचा एक खोडकर सूर टाकला होता. पुढच्या-मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. एक लहान मुलगी धावत आली, घरंगळत गेलेली चुंबळ तिने उचलली आणि त्या बाईच्या हातात दिली.

मगदूम सर खुसकन हसले. "बरोबर. मुलांना आवडेल हे."

"थांबवा," मावशी म्हणाली. ती उभी राहिली होती.

पडद्यावर रोलर आला होता.

"मागं घ्या, सर. मागं घ्या अन् थांबवा."

"कलम नऊ," मगदूम सर म्हणाले. "चित्र स्थिर करता येत नाही."

मी चित्र मागे नेले आणि स्थिर केले. सर खुर्चीतून अर्धे उठले; बाईंनी नुसता हात वर केला, तसे ते पुन्हा बसले.

पडलेली बाई वर बघत होती, थेट यंत्राकडे, चुंबळीसाठी एक हात पुढे केलेला. बांध्यावरून तिशीच्या आतली असेल. मावशी भिंतीजवळ गेली, तेव्हा तिचीच सावली त्या चेहऱ्यावर पडली. ती चटकन बाजूला झाली आणि भिंतीला गाल लावल्यासारखी, तिरकी उभी राहून बघू लागली. ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"व्हय," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "हीच."

"कशावरून ओळखलंत?" बाईंनी हळूच विचारले.

"पडली हुती ना. हितंच पडली हुती. चुंबळ मी दिली उचलून."

मगदूम सरांनी हातातले पेन टेबलावर ठेवले. मग उचलले. मग घसा साफ करून म्हणाले, "उरलेली चार मिनिटं बघावी लागतील. पूर्ण बघितल्याशिवाय..." आम्ही उरलेली चार मिनिटे बघितली. दरवाजे उघडले, पाणी कोसळले, कुणीतरी फीत कापली. खरे तर कुणीच काही बघितले नाही.

मग कागद फिरला. 'आक्षेप: आहे / नाही.' बाईंनी 'नाही'वर खूण करून सही केली. सरांनी केली. कागद मावशीकडे आला.

"हितं काय करायचं?"

"'नाही'वर खूण करा आणि खाली सही," सर म्हणाले.

"अन् असला तर?"

"काय असला तर?"

"आक्षेप. माझा हाय."

सरांनी माझ्याकडे बघितले, जणू हेही मीच शिकवून आणले होते. कलम अकराप्रमाणे एका सदस्याचा जरी आक्षेप आला तरी चित्रफीत दाखवता येत नाही. माझे एकवीस दिवस मला डोळ्यांसमोर दिसले, आणि त्यांच्या टोकाशी, चार 'ब'च्या दारातून मीच आत आणलेली ही बाई.

"आक्षेपाचा प्रकार लिहावा लागतो," सर म्हणाले. "तीन छापलेत. हिंसा, अश्लीलता, धार्मिक भावना. यांतला कुठला?"

"ह्यातला न्हाई."

"मग आक्षेप होत नाही."

"पोरं हसतील, सर."

सरांनी पेनाला टोपण लावले.

"तुमी बी हसला की आत्ता," मावशी म्हणाली. त्यात आरोप नव्हता. तांदूळ संपलेत, हे ती जसे सांगे तसेच ते वाक्य होते. सरांची मान मात्र खाली गेली. "रोज तीनशे पोरांस्नी वाढती मी. कुनाची ताटली सांडली, कुनी घसरलं, की कशी हसत्यात, मला ठावं हाय. वंगाळ न्हाईत पोरं. पन हसतील."

"मग असं करू," सर म्हणाले, आणि त्या वेळी ते खरोखर मदत करत होते. "हेरवाडे, तेवढा भाग वगळा. दहाव्या मिनिटाला पुढे ढकला. बाकीचं दाखवा. नियमात बसतं ते."

"हो, सर!" मी अधीरपणे म्हणालो. "सातच सेकंद आहेत, मावशी. मुलांना कळणारही नाही."

मावशी माझ्याकडे वळली.

"सातच?"

"हो. मोजलेत मी."

"सातच सेकंद हाय व्हय ती?" ती पांढऱ्या झालेल्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मग ती बी वगळायची?"

"अहो, मग दाखवायचं की नाही दाखवायचं?" मगदूम सरांचा संयम सुटला. "एक काहीतरी सांगा! वगळू नका म्हणता, दाखवू नका म्हणता. याला कलम कुठलं लावू मी?"

"दावू नगा. अन् वगळू बी नगा."

इनामदार बाईंनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. छापील तीन प्रकारांखाली त्यांनी पट्टी न घेताच एक चौथा चौकोन काढला आणि त्यापुढे 'इतर' असे लिहिले.

"बाई, छापील नमुन्यात असा बदल..."

"ठराव करू पुढच्या सभेत, मगदूम सर. तानूबाई, इथं खूण करा."

मावशीने खूण केली आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. त्याला पुष्कळ वेळ लागला. मग ती म्हणाली, "जाऊ का? पान्याला उकळी आली आसंल," आणि गेली. सीडी त्याच दुपारी पाकिटात घालून लाख लावून परत पाठवण्यात आली.

मी व्हरांड्यात उभा राहिलो. समोर पाणी होते, करडे, गुळगुळीत, वाऱ्याची एकही सुरकुती नसलेले. मला राग आला होता, आणि तो मगदूम सरांचा नव्हता. तो मावशीचा होता. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. जिच्यासाठी मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या टेबलापुढे तोंड उघडले, जिच्यासाठी नियम वाचले, एक मोडलाही, तिने माझे धरण पाकिटात बंद केले होते. आता सोमवारी मला नववीसमोर खडू घेऊन उभे राहावे लागणार होते, आणि माझा आवाज छातीत अडकणार होता.

जेवणाच्या सुट्टीपूर्वी शेडमध्ये गेलो. ठेवणीतले पातळ बदलून ती रोजच्या वेशात चुलीपाशी बसली होती. मी नोंदवही उघडली, 'चव: चांगली' असे लिहिले, सही केली.

"रागावला व्हय, सर?"

"नाही."

"न चाखताच सही केली की."

मी वही मिटली. "मावशी, मी मुलांना आधी सांगितलं असतं. ही अमुकची आई आहे, हसू नका, असं. नसती हसली."

"मोट्यानं नसती हसली," ती म्हणाली. तिने जाळ थोडा ओढून कमी केला. "तुमी हसला हुता का? पयल्यांदा बघितला तवा?"

ती चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्याला, खात्याच्या ग्रंथालयात. शेजारी तिथला कारकून होता. मला खोटे बोलता आले असते. ते बोलायलाही जो धीटपणा लागतो, तो माझ्यात नव्हता.

"हसलो होतो. आम्ही दोघंही. मागं नेऊन पुन्हा बघितलं होतं."

"व्हय," ती म्हणाली. रागावली नाही. तिने पातेले तळापासून ढवळले. वाफेने तिचे तोंड ओले झाले होते.

"मी बी हसले हुते," ती म्हणाली.

मला काही उमगले नाही.

"बघितलं न्हाई तुमी? चुंबळ देतीया ती पोरगी. सगळ्यांत जास्त तीच हसतीया. लई हसले मी, पोट धरून. आय काय बोलली न्हाई. चुंबळ घेतली, डोस्क्यावर ठिवली अन् गेली वर. घरी आल्यावर बी काय बोलली न्हाई. फुडं धा-बारा दिसात ताप आला तिला." तिने पदराने तोंड पुसले. "मला वाटलं हुतं, आज बघितलं म्हंजी कळंल. रागावली हुती का न्हाई माज्यावर. तोंडावर दिसंल की ते."

"दिसलं का?"

"न्हाई, सर," तानूमावशी म्हणाली. "तोंडाला समदा चिखल हुता."